दोघींची सही

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वर-खाली पोचवायचं काम, त्यामुळे घरी आला की त्याला कुणी एका जागी थांबलेलं बघवत नसे. त्या रविवारी त्याने आईला टेबलाशी बसवलं, कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली आणि म्हणाला, "हे बघ आई, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. आज एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकू."

विषय बँकेचा होता. जुन्या बँकेने खात्यात ठेवायची शिल्लक वाढवली होती आणि तेवढी नसली की गुपचूप पैसे कापायची. नवी बँक सगळी फोनमध्ये. तिला ना इमारत, ना पायऱ्या, ना काउंटर.

"जिला दारच नाही, तिच्या दारात जाऊन भांडायचं कसं?" आई म्हणाली.

मुलाने मान हलवली आणि उजवीकडे खरंच लिहिलं: भांडायला माणूस नाही.

या आईला सगळे थोरली म्हणत. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून. शाळा जेमतेम तिसरी, पण जिभेला कुठल्या शाळेची गरज पडली नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि बसलीच तर तिला चार शब्द सुनावल्याशिवाय सोडायची नाही, असा खाक्या.

डावी बाजू भराभर भरली. व्याज जास्त. रांग नाही. सुट्टीच्या दिवशीही चालू. पेन्शन आली की फोन वाजणार. उजवीकडे रोख भरायची पंचाईत, फोन हरवला तर धावाधाव. "आणि कुणी गोड बोलून तुझ्याकडून गुप्त आकडा काढून घेतला तर?"

"माझ्याकडून? गोड बोलून आजवर कुणी पाण्याचा ग्लास काढून घेतला नाही. पुढे चल."

"पुढे काही नाही. हं, लॉकर नाही त्यांच्याकडे."

थोरलीने टेबलावरची पेनाची टोपी उचलली, पुन्हा ठेवली. "लॉकर नाही?"

"नाही. पण आहे काय त्यात, आई? आजीचे दागिने. अर्धे तुझे, अर्धे काकूचे. सतरा वर्षं भाडं भरतेस. वाटून घ्या आणि सोडा तो लॉकर. दोघींची सही लागेल, तेवढ्यासाठी एकदा जा. मग काकूचं तोंड बघायला नको तुला."

थोरली उठली. "नळ गळतोय वाटतं," म्हणून आत गेली. नळ गळत नव्हता.

मुलगा लिहीत होता ते टेबल म्हणजे अर्धं टेबल होतं. पूर्वी दोघा भावांचा सुतारकामाचा एक कारखाना होता, आणि वर राहायला एकच घर. थोरली आणि धाकटी, दोघी जावा, सोळा वर्षं एका चुलीवर राबल्या. मग भावांचं कशावरून तरी फाटलं. खरं म्हणजे एका करवतीच्या मशीनवरून, पण नंतर ते कुणी कबूल केलं नाही. वाटणी इतकी चोख झाली की कामाचं लांब टेबलसुद्धा मधोमध कापलं. थोरलीच्या वाट्याच्या अर्ध्याला नवऱ्याने दोन नवे पाय ठोकले. कापलेली कड तिने भिंतीकडे केली ती कायमची.

सासूच्या दागिन्यांवर एकमत होईना, म्हणून ते बँकेत गेले, दोन्ही जावांच्या नावावर. अट अशी की दोघी मिळून आल्या तरच पेटी उघडायची. एकीला दुसरीवर विसंबायला नको, म्हणून ही अट.

दोन वर्षं भाऊ वकिलांकडे खेटे घालत राहिले, आणि मग एकाच वर्षात दोघेही गेले. आधी थोरलीचा नवरा गेला. त्या दिवशी धाकटी आली होती. फाटकाला हात लावून उभी राहिली. थोरलीने खिडकीतून बघितलं, चांगलं डोळे भरून बघितलं, आणि मान वळवली. 'आत ये' म्हणायचं होतं फक्त. जिची टकळी झोपेतही थांबत नाही म्हणून घरचे हसायचे, तिला त्या दिवशी दोन शब्द जमले नाहीत. फाटकाशी उभी असलेली बाई थोड्या वेळाने निघून गेली. चार महिन्यांनी धाकटीचा नवरा गेला, तेव्हा थोरली कुठल्या तोंडाने जाणार होती? नाहीच गेली.

त्यानंतर लॉकरचं भाडं भरा म्हणून बँकेचं पत्र आलं. दोघी गेल्या. तळघरात, लॉकरच्या कपाटांमागे, पडदा लावलेली एक खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या. ज्या दागिन्यांपायी भावांनी जन्माचं वैर घेतलं, ते दोघींनी पाच मिनिटांत वाटले. "बांगड्या तू घे." "मग साखळी तुम्ही घ्या." संपलं. पेटी रिकामी झाली, पण घरी दोघींनीही कधी सांगितलं नाही. बाहेर लॉकर सांभाळणारी बाई म्हणाली, "मग सोडायचा का लॉकर?"

"नको," दोघी एकदमच म्हणाल्या. एकमेकींकडे बघितलं मात्र नाही.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला दोघी हजर. त्याच्या पुढच्या वर्षीही. थोरली पिशवीत चहाचा थर्मास लपवून न्यायची, धाकटी रुमालात गुंडाळून दोन कप. मध्ये रिकामी पेटी उघडी ठेवायची, कुणी डोकावलंच तर काम चालू दिसावं म्हणून. मग गुडघे, सुना, कोण गेलं, कोण कुणाशी बोलत नाही. "घरी ये" हे मात्र कुणी म्हणायचं नाही. आधी कोण म्हणणार? अर्ध्या तासाने पेटी बंद करून दोघी वर यायच्या, एक डावीकडे जायची, एक उजवीकडे. पंधरा वर्षं. सगळे अर्धे तास एकापुढे एक मांडले तरी एक दिवस भरत नाही.

घरी थोरली धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायची. पूर्वी एक टोक धाकटीकडे असायचं. कपड्यांत अडकलेला लाकडाचा भुसा उडवायला दोघी चादर अशी झटकायच्या की खाली कारखान्यात आवाज जायचा आणि दोघे भाऊ वर बघून ओरडायचे. आता टोक हनुवटीखाली धरून एकटीनेच घडी करायची. एकदाही चौकोनी बसली नाही.

ठरलेल्या तारखेला मुलाने लॉकर सोडायचा फॉर्म पिशवीत घालून दिला. थोरली थर्मास घेऊन निघाली. काय करायचं ते ठरलं नव्हतं. धाकटी काय म्हणते बघू, एवढंच मनात होतं.

बँकेत बाकावर बसून तिने दाराकडे डोळे लावले. आली ती एक तरुण बाई. हातात कागद, खांद्याला पिशवी.

"मोठ्या सासूबाई ना? मी तुमच्या जावेची सून." तिने वाकून बघत विचारलं. "सासूबाई येणार नाहीत. गुडघा फारच धरलाय. आमची लिफ्ट चार महिने बंद आहे, दोन महिने त्या खाली उतरलेल्याच नाहीत. त्यांनी पत्र दिलंय, माझी सही चालेल म्हणे. आणि हे तुम्हाला द्यायला सांगितलंय."

रुमालात काय आहे ते थोरलीला गाठ सोडायच्या आधीच कळलं. आत कप होता. एकच.

"काही म्हणाली?"

"म्हणाल्या, कप द्यायचा आणि पेटी उघडायची नाही. मग मी आलेय कशाला, ते काही सांगेनात. जाऊबाई काय ते ठरवतील, म्हणाल्या."

थोरली कप मांडीवर घेऊन बसून राहिली. कपाच्या कानाला टवका उडालेला होता. पंधरा वर्षं हाच कप धाकटी स्वतःकडे ठेवायची आणि चांगला तिच्यापुढे सरकवायची. आज टवक्याचा पाठवला होता. चांगला होता तो ठेवून घेतला. आता तरी तुम्ही तो घ्यायला या, असं म्हणायचं होतं की काय तिला? की हातात आला तो दिला? धाकटीचं काही सांगता यायचं नाही. सोळा वर्षं एका चुलीपाशी राहूनही ती कधी पुरती कळली नाही.

लॉकरवाली आली. "चला आजी. सोडायचा म्हणून फोन होता तुमच्या मुलाचा. फॉर्म आणलाय?"

"आणलाय. सही दोघींची लागते ना?"

"हो, पण यांच्याकडे पत्र आहे. यांची चालेल."

"मला नाही चालत."

"अहो आजी, नियमात बसतंय."

"तुझ्या नियमात बसत असेल. मी हिच्याबरोबर पेटी ठेवलेली नाही. जिच्याबरोबर ठेवली, तिची सही आणते. तोवर कुलूप तसंच राहू दे." थोरली उठली आणि सुनेकडे वळली. "कितवा मजला तुमचा?"

"तिसरा. पण लिफ्ट..."

"ऐकलं. घरात लिफ्टवाला पोसलाय, आणि माझ्या नशिबी जिना."

तीन मजले ती प्रत्येक वळणावर टेकत चढली. सून मागे होती. पहिल्या मजल्यावर वाक्य तयार झालं, 'सही पाहिजे होती.' दुसऱ्यावर ते फार कोरडं वाटलं. तिसऱ्यावर दम लागून एवढंही आठवेना.

सुनेने किल्लीने दार उघडलं आणि आत जाऊन बाजूला झाली. समोर खुर्चीत धाकटी होती. वर्षापूर्वी एवढीशी नव्हती ती. आता खुर्ची मोठी दिसत होती. तिने दाराकडे बघितलं. बघतच राहिली.

थोरली बाहेरच उभी. हात चौकटीला. फाटकाला हात लावून उभं राहिल्यावर कसं वाटतं ते तिला आता कळत होतं. मान वळवायचा हक्क आज धाकटीचा होता, आणि तिने तो बजावला असता तर थोरलीकडे बोलायला काही नव्हतं. जिना उतरायचा, एवढंच.

धाकटी म्हणाली, "जाऊबाई, दार लावून घ्या. वारा लागतो मला."

कुठल्या बाजूने लावायचं ते सांगितलं नाही. थोरलीने आतून लावलं.

थोरलीने खोलीभर नजर फिरवली. भिंतीला चिकटून दुसरं अर्धं टेबल होतं, त्यावर औषधांच्या बाटल्या. धाकटीनेही कड भिंतीकडेच केली होती. थोरलीने थर्मास त्यावर ठेवला, कप ठेवला. धाकटीने सुनेला बोटाने फळी दाखवली. सुनेने दुसरा कप आणला. कुणाला कुठला ते सांगावं लागलं नाही.

"सहीसाठी आले," चहा ओतून झाल्यावर थोरली म्हणाली. "मुलाला बँक बदलायचीय. फोनमधली घेतोय. लॉकर सोडावा लागेल."

"चांगली असते का हो ती?"

"फायदे पुष्कळ आहेत. कागदभर लिहिलेत."

"मग सोडा." धाकटीने फॉर्म हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला. "मला दिसत नाही हे. चष्मा कुठे गेला देव जाणे."

चष्मा दोरीने तिच्याच गळ्यात लटकत होता. सुनेने तोंड उघडलं. थोरलीने तिच्याकडे असं बघितलं की ते तिथेच मिटलं.

"उद्या या," धाकटी म्हणाली. "शोधून ठेवते."

"उद्या नाही जमायचं. परवा."

"परवा तरी सापडेल की नाही कोण जाणे. या तुम्ही."

पिशवीतला फोन वाजला. मुलगा होता. "झाली का सही, आई?"

"नाही. तिचा चष्मा सापडत नाही."

"कुणाचा? तू आहेस कुठे?"

"तुझ्या काकूकडे. आणि हे बघ, तुझ्या नव्या बँकेत सही कशी करतात?"

"सही नाही गं. तुझा एकटीचा अंगठा फोनला लावला की झालं."

"एकटीचा?"

"हो, मग?"

थोरलीने समोर बघितलं. धाकटी दोन्ही हातांत कप धरून खिडकीबाहेर बघत होती, ऐकत नाहीसं दाखवत. दोरीवर चादर वाळत होती.

"तोट्यांत लिही," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला. मग उठून ती खिडकीशी गेली, चादर आत ओढून घेतली आणि तिचं एक टोक धाकटीच्या मांडीवर टाकलं.

"बसल्या बसल्या धरता येईल ना?"