धुतलेले हात

शुक्रवारी ओउलू शहरातल्या आमच्या नर्सिंग कॉलेजात रायली बाईंनी जीवशास्त्राच्या तासाला काचेच्या डिश टेबलावर मांडल्या. मागच्या तासाला प्रत्येकीने साबणाने हात धुऊन त्यातल्या जंतू वाढवायच्या जेलीवर बोटं टेकवली होती. माझ्या डिशमध्ये पिवळे-पांढरे ठिपके नुसते बुजबुजले होते. शेजारच्या वेन्लाची डिश मात्र आरशासारखी लख्ख.

"अगं बाई! आणि सोमवारी तू बाळांच्या वॉर्डात जाणार?" वेन्ला म्हणाली. "आयांना आधीच कळव, म्हणजे पळता तरी येईल."

असा राग आला! हात घासून घासून सालटं निघाली होती माझी.

बाईंनी माझी डिश बघून खाली ठेवली. वेन्लाची त्यांनी उजेडात धरली.

"ग्लोव्हज घालून बोटं टेकवलीस ना गं?"

वेन्लाने हात टेबलाखाली नेले.

"जिवंत माणसाचा हात कितीही धुवा, काहीतरी उगवतंच. हिची डिश खरी आहे."

वर्ग हसला, वेन्ला लालबुंद झाली. मला मात्र हसू येईना. सोमवारी याच बोटांनी मला कोणाचं तरी दोन दिवसांचं बाळ उचलायचं होतं.