राई विकत घेणारी पायली

मी पायली बोलतेय. देवळाच्या फळीवर पालथी पडलेली लाकडी पायली, हो, मीच! मापानं भरायचं आणि रिकामं व्हायचं. स्वस्थ बसणं त्याला मानवत नाही. म्हणून आज बोलूनच टाकते.

गुंजवणी नदीच्या वरच्या अंगाला आमची वाडी आणि वाडीच्या डोक्यावर वाघजाईची राई, देवीच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. एकदा वादळात शिवणीची फांदी मोडली. देवीला फुलं लावून कौल मागितला, उजवं फूल पडलं म्हणजे देवीचा होकार मिळाला, मगच सुतारानं त्या फांदीतून मला कोरलं. म्हणजे राई हे माझं माहेर!

ही राई भोरच्या आनंदरावांच्या नावावर होती. माणूस वाईट नव्हे. पण घरात लग्नं निघाली आणि झाडं तोडून कोळसा पाडणाऱ्या ठेकेदारानं राईसाठी रोकड पुढं केली. आनंदरावांनी आमच्या गेनबा पाटलांना बोलावून सांगितलं, "अक्षय्य तृतीयेपर्यंत तुम्ही तेवढे पैसे आणलेत तर राई तुमची. नाहीतर माझा इलाज नाही."

राईतल्या झऱ्यावर सगळ्या वाडीची भातं पिकतात. झाडं गेली की झरा आटणार, हे शेंबडं पोरही जाणतं.

पैसा कुणाच्याच गाठीला नव्हता. भात मात्र होतं. तेव्हा वाडीतली फुलाबाई म्हणाली, "खळ्याखळ्यावर राईसाठी शीग लावून पायल्या घाला. वाण्याला मोजताना हात फिरवून सपाट करता, तसं हितं चालायचं न्हाई!"

फुलाबाई तोंडाची फटकळ, मनाची लोणी. खळं मळलं रे मळलं की मला काखोटीला मारून ती हजर. पहिल्या मापाला "लाभ!" म्हणायची, मग दोन, तीन. मापात आमच्याकडं एक म्हणत नाहीत. पहिला तो लाभ. बघता बघता देवळातली कणगी काठोकाठ भरली.

आणि तिथंच घात झाला. आनंदाच्या भरात फुलाबाईनं कणगीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, ओटी भरली. चैत्रात पाटील भात न्यायला बैल घेऊन आले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"फुलाबाई, ह्ये काय केलंस? ओटी भरलीस, आता ह्ये आईचं झालं. आईचं दाणं बाजारात इकायचं व्हय?"

कौल लावला. डावं फूल पडलं. पुन्हा विचारायची कुणाची छाती झाली नाही.

ठेकेदाराची माणसं झाडांवर कुऱ्हाडीनं खुणा करून गेली. फुलाबाई मला मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिली. जेवायलाही उठेना. डोळ्यांतलं पाणी टपटप माझ्यात पडत होतं. अगं बये, रडून माप भरत नाही, ऊठ की! मला नुसतं ओरडावंसं वाटत होतं.

आणि ती उठलीच. "पाटील, आईचं दाणं इकायचं न्हाई, कबूल. पर परसाद म्हणून खायाला कुणाची ना हाय?"

"न्हाई."

"मंग आईचं समद्यांनी घरी खावा, आन् घरचं बाजारात न्या! जेवढं हितनं उचलाल, तेवढं घरातलं आणून घाला."

पाटील खो खो हसले. पुन्हा कौल लावला. उजवं फूल पटकन खाली आलं.

काय माझी धावपळ! कणगीतलं माप घरात, घरातलं माप गोणीत. देतानाही शीग, घेतानाही शीग. बैल भोरच्या बाजाराला गेले आणि अक्षय्य तृतीयेला राईचा कागद वाघजाईच्या नावानं झाला. माझं माहेर वाचलं! मी तेव्हा जीव भरून हसले.

पुढं फुलाबाई गेली. "काम झालं" म्हणून वाडीनं मला पुसून पालथी ठेवली.

पण काम कुठलं झालंय? विलायतेत लढाई पेटून पेट्रोल मिळेनासं झाल्यापासून मोटारीसुद्धा कोळशावर पळतात म्हणे. ठेकेदार परत आलाय. राईच्या वरचा उतार आता विक्रीला निघालाय. तो बोडका झाला की माती खाली येऊन झरा बुजेल. आणि वाडी म्हणते, "बघू." अरे, बघू काय? खळी मळायला लागलीत; घरोघरच्या कणग्या लिंपून बंद झाल्या की मग कुणापुढं हात पसराल?

बाबांनो, मला सुलटी करा. शीग लावा. आणि ओटी मात्र या वेळी कागद झाल्यावर भरा, तुमच्या पाया पडते! फुलाबाई आता यायची नाही. तिच्यासारखं कुणीतरी मोठ्यानं म्हणा ना, "लाभ!"