गच्चीवरच्या पेटीची सहा भोकं

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. सोलापुरात एका गच्चीवर चार विटांवर बसले आहे आणि माझ्या पोटात माती आहे. आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी. तो पहिल्या दिवशीच जडला.

मकदूम सुताराने मोडक्या हातमागाच्या लाकडातून मला घडवलं. रंधा मारला, कोपरे खाचा पाडून जुळवले, जवसाचं तेल पाजलं. मी खूश होते. मग त्याने मला उपडी केली आणि गिरमिटाने बुडाला चक्क सहा भोकं पाडली! चांगल्या वस्तूला कुणी भोकं पाडतं का? मी ठरवून टाकलं, हा माणूस आतल्या गाठीचा आहे.

मला घडवून घेणाऱ्या शिवबाईंनी या गच्चीवर माझ्यात जाईची चार कलमं लावली. करमाळ्याला त्यांच्या आईच्या अंगणात हा वेल होता. आई गेली, घर विकलं गेलं, नव्या मालकाने वेल तोडला. आईचं म्हणून एवढंच उरलं होतं.

ते बहात्तरचं दुष्काळी साल. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. शिवबाई तांदूळ धुतलेलं पाणी जपून आणून घालत आणि ते खालून ठिबकून जाई.

"फसवलं की मला मकदूमनं! फुटकी पेटी दिली," त्या म्हणाल्या.

मला बरंच वाटलं. माझ्या संशयाला सोबत मिळाली. त्यांनी गच्चीवर आडवं होऊन खालून सहाही भोकं चिंध्या आणि डांबराने बुजवली. मकदूमला मात्र एका शब्दाने विचारलं नाही.

महिन्याभरात पानं पिवळी पडली. शिवबाईंना आता माझ्या लाकडाचाच संशय. मला चिमण्यांचा, शेजारणीचा, सगळ्यांचाच. शेवटी मकदूमला बोलावणं गेलं.

"लाकडाला काय लावलंय, मकदूमभाई? खरं सांगा."

त्याने मातीत बोट खुपसलं, वास घेतला. "अक्का, मुळं कुजल्यात की. भोकं कुनी बुजवली?"

"मीच. पानी सगळं वाया जात हुतं."

"वाया कसं जाईल? खाली घमेलं ठेवायचं. पडंल ते परत वर वतायचं. मला इचारायचं तरी!"

शिवबाईंनी एक पिवळं पान बोटांनी चाचपलं. "माज्या आईचा वेल हाय हो ह्यो. कायबी करा."

त्याने गिरमिट घातलं. काळं, घाण पाणी भळाभळा वाहिलं. मला लई लाज वाटली. तीन कलमं नुसती धरताच हातात आली. चौथ्याला एक पांढरं मूळ शिल्लक होतं.

ते जगलं. आज ते जिन्याच्या पत्र्यावर चढलं आहे. बहर आला की पहिला गजरा मकदूमच्या घरी, त्याच्या बायकोला, इमामबीला जातो.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेटीला वर्षातून एकदा तेल लावा, तिची भोकं काडीने मोकळी ठेवा. आणि कुणाचा संशय आला, तर त्याच दिवशी त्याला विचारा. आम्ही दोघींनी महिनाभर विचारलं नाही. शिवबाईंच्या आईचे तीन वेल त्या महिन्यात गेले.