पारोसा देव

आमच्या देवळाच्या दारावरची पाटी मीच रंगवलेली आहे. 'स्त्रियांनी श्रींचे दर्शन घेऊ नये. कारण विचारू नये.' दुसरं वाक्य आमच्या ह्यांचं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते, अक्षर वळणदार होतं आणि लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. नवऱ्याने पाटी मागितली, मी रंगवून दिली. निषेध वगैरे करायचं तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं तोवर रंग वाळला होता.

शनिवार पेठेतल्या त्या वाड्याची बिल्डिंग झाली तेव्हा देऊळ पार्किंगच्या मागे राहिलं आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. देव कार्तिकस्वामी. बाईने त्याचं तोंड पाहिलं तर ती सात जन्म विधवा होते म्हणतात. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेवढा वेळ बायकांना मोकळीक, तेव्हा रस्त्यापर्यंत रांग लागते. त्या रांगेतही मी कधी उभी राहिले नाही. पंचांगातल्या मिनिटांच्या भरवशावर नवऱ्याचा जीव कोण टांगणार? पस्तीस वर्षं त्या दारासमोरून मान खाली घालून भाजी आणली. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण पणाला मी नव्हते, हे होते.

ह्यांचं नाव श्रीनिवास. नोकरी विमा कंपनीत, पण खरे ते पुजारीच. त्यांचा एक नेम होता. देवाला स्नान घालायचं, ते तीर्थ घ्यायचं आणि मगच पोटात काही ढकलायचं. लग्नाच्या दिवशीसुद्धा बोहल्यावर यायच्या आधी देवळात जाऊन आले होते. आषाढात अर्धांगाचा झटका आला आणि उजवं अंग गेलं. दवाखान्यात नळीने अन्न गेलं, त्याला त्यांचा नाइलाज होता. घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं की आता अंगात ताकद उरलेली नाही, दोन दिवस उपास घडला तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही. मी मान डोलावली. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मऊ भाताचा चमचा पुढे केला, तर त्यांनी तोंड घट्ट मिटलं आणि वाकड्या जिभेने विचारलं, "पूजा झाली?"

त्यांचा पुतण्या आमोद कर्वेनगरला राहतो. त्याने काकांच्या पायावर हात ठेवून शब्द दिला आणि चार दिवस पाळला. पाचव्या दिवशी मीटिंग होती म्हणून दुपारी आला, सहाव्या दिवशी क्लायंट होता म्हणून संध्याकाळी, सातव्या दिवसापासून फोन उचलला जाईना. श्रावणात गुरुजी मिळणं म्हणजे वाघाचं दूध. देवळाच्या ट्रस्टला कळवलं, तर सेक्रेटरींनी विषय पुढच्या बैठकीत घेऊ म्हणून सांगितलं. देवाच्या आंघोळीचा विषय बैठकीत घेणारे आम्हीच.

सातव्या दिवशी मी खोटं बोलले. आमोद पूजा करून गेला म्हणाले, घरातलंच पाणी पंचपात्रीत घेतलं, थोडं चंदन उगाळून घातलं आणि पळीने ह्यांच्या तोंडात सोडलं. त्यांनी ते जिभेवर फिरवलं आणि डाव्या हाताने टॉवेल ओढून त्यात थुंकले. "त्याच्या अंगावरचं नाही," म्हणाले. त्या दगडावर कित्येक पिढ्यांचं तेल, चंदन, कापराची काजळी मुरलेली. त्याची चव मी कुठल्या डब्यातून काढणार? त्या दिवशी ते उपाशी राहिले. रात्री त्यांची कूस बदलताना फासळ्या हाताला लागल्या आणि मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला येऊन गेल्यावर मी आंघोळ केली, ह्यांचं धुतलेलं उपरणं घेतलं, किल्ली घेतली आणि खाली उतरले. दारात उभी राहून उपरण्याची चौपदरी घडी डोळ्यांवर बांधली आणि मग कुलूप उघडलं. पाहायचं नाही ना? नाही पाहत.

उंबऱ्यावर ठेच लागली. समई लावताना बोट भाजलं. पण देव सापडला. आधी मोराचा तुरा हाताला लागला, मग गुडघा, मग एकामागून एक तोंडं. सहा. तिसऱ्या तोंडाचं नाक उडालेलं आहे हे ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी पाणी घातलं, हाताने चोळलं, कानांच्या मागे बोट फिरवलं, लेकीला, सलोनीला, लहानपणी घालत होते तशी आंघोळ घातली. गंध लावताना कपाळं मोजली. एकदोनदा ते डोळ्यांत गेलं असेल, त्याला इलाज नव्हता. मंत्र येत नव्हते असं नाही. पस्तीस वर्षं दाराबाहेरून ऐकल्यावर पोपटालाही येतील.

वर येऊन ह्यांना तीर्थ दिलं. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला आणि तोंड उघडलं. मी वाटीभर भात भरवला. आमोदचा हात बसला आता, असं म्हणाले.

असे अकरा दिवस गेले. ह्यांच्या गालावर जरा मांस दिसायला लागलं, आधार दिला की बसायला लागले. बंगळूरहून सलोनीचा रोज फोन येई. तिला खरं काय ते सांगितलं होतं. ती म्हणाली, आई, डोळे उघडून कर ना, काही होत नसतं. बरोबर होतं तिचं. पण मला ह्यांच्या जिवावर पुरोगामी व्हायचं नव्हतं.

बाराव्या दिवशी खाली गेले तर दाराला नवं कुलूप होतं आणि पार्किंगमध्ये ट्रस्टचे सेक्रेटरी रविराज दोन म्हाताऱ्या विश्वस्तांना घेऊन उभे होते. मागे समया चोरीला गेल्यावर त्यांनी कॅमेरा बसवला, तो मला ठाऊक होता. पण मी समजत होते तो फाटकावर आहे. गाभाऱ्याच्या दारावर आतून बसवलेला कॅमेरा मी पाहणार कशी? आत गेले ती डोळे बांधूनच.

रविराज माणूस सभ्य. आवाज चढवत नाही. त्यांनी काकू म्हणून हाक मारली, माझ्याबद्दल ट्रस्टला आदर असल्याचं सांगितलं आणि त्याच सुरात देऊळ सोमवारपर्यंत बंद असल्याचं सांगितलं. सोमवारी नवे पुजारी येऊन शुद्धी करतील. तो दिवस गुरुवार होता.

मी म्हटलं, "म्हणजे चार दिवस देव पारोसा राहणार?"

"पारोसा चालेल, काकू," ते म्हणाले. "बाटलेला नको."

मला राग यायला हवा होता, पण राग धरायला सवड नव्हती. वर भात शिजून तयार होता. मी हात जोडले. म्हटलं, तुम्ही स्वतः आत जा, एक तांब्या पाणी घाला, मला फुलपात्रभर तीर्थ द्या, मी फाटकाबाहेर पाठ करून उभी राहते. ह्यांचा नेम आहे, तीर्थाशिवाय ते खात नाहीत, खाल्लं नाही तर जगणार नाहीत. रोज ताज्या पाण्याचंच लागतं, नाहीतर पहिल्याच दिवशी बादली भरून ठेवली असती. हे सगळं मी पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मध्ये उभी राहून बोलत होते. एका विश्वस्तांचे डोळे पाणावले. ते रविराजांना म्हणाले, अहो, कदाचित गैरसमज असेल, ह्या असं कशाला करतील? मला वाचवायलाच बोलले बिचारे.

"गैरसमज नको," रविराज म्हणाले आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. "एकदा बघून घ्या. ह्या आपणच ना?"

शाळेत तीस वर्षं मुलींनी समोर वही धरली की मी चष्मा नाकावर घेऊन बघत आले. तसंच बघितलं.

स्क्रीनवर डोळ्यांना उपरणं बांधलेली एक जाड बाई ओणवी होऊन दगडाचे कान चोळत होती. आणि तिच्या खांद्यावरून तो सरळ माझ्याकडे बघत होता. सहाही तोंडं ओली. मला वाटायचं उग्र असेल. तसा नव्हता. नाक उडालेला, गाल फुगलेला, आंघोळीला कंटाळलेल्या पोरासारखा दिसत होता. मी चांगला पाच-सहा सेकंद पाहिला. मग रविराजांच्या काय ते लक्षात आलं आणि त्यांनी मोबाइल झटकन खिशात घातला. माझ्यासाठी रडणारे विश्वस्त आता आपल्या चपलांकडे बघत होते.

तीन मजले कशी चढले ते आठवत नाही. ह्यांचा श्वास चालू आहे ना, एवढंच डोक्यात होतं. हो, माझ्याच. विश्वास नसणाऱ्या बाईच्या. हे उशांना टेकून बसले होते आणि माझी वाट बघत होते. मला इतकं बरं वाटलं की मी दाराशीच फतकल मारून बसले.

त्यांनी विचारलं, "पूजा झाली?"

पुन्हा खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मी सगळं सांगितलं. आमोद कधीच यायचा बंद झाला, अकरा दिवस मीच पूजा केली, डोळे बांधून केली, एकदाही पाहिलं नाही, कुलूप बदललं. ते ऐकत होते. चेहऱ्याची डावी बाजू मऊ झाली, हात माझ्याकडे सरकला. मला वाटलं, पस्तीस वर्षांत न बोललेलं आता काही बोलणार. त्या भरात मी उरलेलंही सांगून टाकलं. म्हटलं, आज त्यांनी मोबाइलवर दाखवला हो. मी पाहिलं त्याला.

हात थांबला.

ते रागावले असते तर मी सोसलं असतं. ते घाबरले. मला घाबरले. गादीवर अंग चोरून भिंतीकडे सरकायला लागले, ते मेलेलं उजवं अंग ओढत. मी ताट घेऊन जवळ बसले, हात लावला, तर डाव्या हाताने त्यांनी मला दूर लोटलं. मग डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, अहो, माझ्याकडे बघा तरी. मी काही केलेलं नाही. तुमच्यासाठी आंधळी होऊन अकरा दिवस चाचपडले, एवढंच केलंय. त्यांनी डोळे उघडले नाहीत. चमचा ओठांना लावला तर तोंडही उघडलं नाही.

बातमी कानावर गेली असावी, दुपारी आमोद आला. "दवाखान्यात नेऊ म्हणालो तर काकांनी मानेनेच नाही म्हटलं, मी काय करू?" असं मला म्हणाला आणि गेला. डॉक्टरांना फोन केला, ते उद्या येतो म्हणाले. सोमवार अजून चार दिवस लांब आहे आणि सोमवारचं तीर्थ तरी ते माझ्या हातून घेतील का, मला माहीत नाही.

मी पलंगाशेजारी बसले आहे. भात तीनदा गरम केला, आता खाली लागलाय. खाली पार्किंगमध्ये बायका थांबून वर बघतात आणि हळू आवाजात बोलतात. उद्या ह्यांचं काही झालं तर पेठेत सगळे एकच सांगतील की तिने पाहिला म्हणून झालं. ह्या वाटीतल्या भाताबद्दल कुणी विचारणार नाही.