गेशेची तीन मतं

गेशे टीट्येन आमच्या गावची सुईण. एकतीस वर्षांत गावातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली. मार्चमधल्या एका मंगळवारी ती नेहमीसारखी नेले नावाच्या बाळंतिणीकडे तिला आणि बाळाला बघायला गेली. दुधाची बाटली गरम पाण्यात ठेवलेली होती, कुत्रं दाराशी पेंगत होतं. गेशेने पाच आठवड्यांच्या बाळाला खिडकीपाशी उजेडात नेलं आणि तिचा चेहरा उतरला. बाळाचे ओठ निळे पडले होते.

"दूध कोणत्या पाण्यात कालवतेस?"

"आपल्याच विहिरीच्या. पण उकळून घेते ना मी!"

"उकळून पाण्यातलं विष जात नाही गं, उलट जास्तच घट्ट होतं. चल, गाडी काढ."

ते बाळ वाचलं. गेशेने मग गावातल्या अकरा विहिरींचं पाणी तपासून घेतलं. नऊ विहिरींत नायट्रेट, म्हणजे बाळाला निळं पाडणारं तेच विष, मर्यादेच्या दुप्पट निघालं. गावाभोवती डुकरांच्या लांबलचक शेडी आहेत आणि त्यांची घाण वर्षानुवर्षं शेतांत ओतली जाते. सगळ्यांत मोठ्या शेडी दीडरिश माह्नकेनच्या. तोच सरपंच, तोच अग्निशमन दलाचा प्रमुख. अहवाल घेऊन गेशे पंचायतीत गेली, तर गावाची बदनामी नको म्हणून तो अहवालच कपाटात टाकला गेला. तेव्हा तिने एका छोट्या पक्षातर्फे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरला. आमच्या गावात तोवर उमेदवारांची कायम एकच यादी असायची, दीडरिशची.

वाळीत टाकायला आमच्याकडे ठराव लागत नाही. कुणी काही बोलतच नाही. गाण्याच्या मंडळाची तालीम बुधवारची गुरुवारी झाली, गेशेला कुणी कळवलं नाही. अग्निशमन दलाच्या मेळाव्यात तिने ठेवलेला आलुबुखाराचा केक अख्खा परत आला, सुरीसुद्धा लागली नव्हती. आणि गरोदर बायका चाळीस किलोमीटरवरच्या शहरातून दुसरी सुईण बोलावू लागल्या.

तिचा नवरा हिनर्क घरात चिडचिड करायचा. "पाण्याच्या बाटल्या विकत आणा एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं! निवडणूक कशाला?"

"ज्यांच्या घरात मला आता घेत नाहीत, त्यांना कोण सांगणार?"

"सव्वीस वर्षं झाली मला दलात, गेशे. काल माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती."

"मत तरी देशील ना मला?"

"हे काय विचारणं झालं?"

सप्टेंबरातल्या रविवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मतदान झालं. सहा वाजता दार लावून पेटी उघडली. मोजणी बघायला कुणीही येऊ शकतं, त्यामुळे गावही जमलं. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून मोजणीच्या टेबलावर होते. आमच्याकडे प्रत्येकाला तीन मतं असतात, हवी तर तिन्ही एकालाच देता येतात. एकशे चौऱ्याऐंशी माणसांनी मतदान केलं होतं. गेशे भिंतीला टेकून उभी होती.

"टीट्येन, गेशे," शेवटी मी एकूण मतं वाचली, "तीन."

दीडरिश मोठ्याने म्हणाला, "काय सुईणबाई, तिळं झालं म्हणायचं!"

हॉल हसला. गेशेने दीडरिशकडे पाहिलंच नाही. ती हिनर्ककडे बघत होती आणि हिनर्क आपल्या बुटांकडे.

घरी आल्यावर ती कोट न काढताच म्हणाली, "ती तिन्ही माझी होती."

हिनर्क वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. "किती घरं फुटली ते मोजणीत कळेलच, असं दीडरिश म्हणाला होता. मी घाबरलो. मला वाटलं, बाकी कुणीतरी देईलच तुला. नेले तर नक्कीच."

तेवढ्यात फोन वाजला. जिल्ह्यातून पक्षाचा माणूस आनंदाने सांगत होता, "गेशेताई, जिल्हा परिषदेत आपल्या दोन जागा वाढल्या!"

"अभिनंदन," असं म्हणून तिने फोन ठेवला. त्या दिवसापासून नवराबायको एका घरात राहतात, एवढंच.

नोव्हेंबरात माझ्या समोरच्या भाड्याच्या घरात फेम्के नावाची मुलगी नवऱ्यासोबत राहायला आली. त्यांचा मुलगा योस्त सात आठवड्यांचा होता. शहरातली सुईण दोनदा येऊन गेली. तिला इथल्या विहिरींचं काय माहीत? घरमालकाला त्याच्या विहिरीचा निकाल गेशेने एप्रिलमध्येच दिला होता, तो काही बोलला नाही. योस्त निळा पडू लागला तेव्हा फेम्केला वाटलं, थंडी बाधली. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला.

दफनाला सगळं गाव काळे कपडे घालून आलं. दीडरिशने मोठं पुष्पचक्र पाठवलं.

पंचायतीच्या डिसेंबरच्या बैठकीत नागरिकांच्या प्रश्नांची पंधरा मिनिटं होती. गेशे एकटी उभी राहिली. "विहिरींचा अहवाल घरोघरी कधी वाटणार?"

"गावाने कुणाला निवडलं ते विसरलात का?" दीडरिश म्हणाला.

"ही पंधरा मिनिटं न निवडलेल्यांचीच आहेत, सरपंच. आज उत्तर नसेल तर जानेवारीत विचारीन. मग फेब्रुवारीत. अहवाल वाटेपर्यंत दर महिन्याला."

"पुढचा प्रश्न," दीडरिश म्हणाला. दुसरं कुणी उठलं नाही. नेले मागच्या बाकावर रडत होती, पण तीही उठली नाही. आणि मीही नाही.

आता माझं सांगते. त्या नऊ खराब विहिरींत माझीही विहीर होती. मी बाटलीतलं पाणी पिते. फेम्के सकाळी आवारातल्या पंपावर किटली भरायची, तेव्हा मी खिडकीतून तिला हात करायचे. तीही हसून हात करायची. रस्ता ओलांडायला बारा पावलं लागतात. दीडरिशचं घर शेजारीच आहे, त्याने पाहिलं असतं.

जानेवारीच्या बैठकीत हे मी उभी राहून सांगणार आहे. आधी इथे सगळ्यांसमोर लिहून दिलं, म्हणजे त्या दिवशी मला बसून राहता येणार नाही.