मागचे दोन माईक

ऐका तरी, मधे बोलू नका, नाहीतर माझा धागा सुटतो. मी नेल्सशी का बोलत नाही म्हणून विचारताय ना सगळे, तर सांगते. आणि ब्रिटशी का नाही, तेही त्यातच येतं.

आमचा बँड म्हणजे दोघंच. नेल्स गिटार वाजवतो नि गातो, मी ड्रम. शाळेपासून. ब्रिट वाजवत काही नाही, पण स्वतःला मॅनेजर म्हणवते, आणि माझी ती बालवाडीपासूनची मैत्रीण, म्हणून म्हणवू दे म्हटलं. तर या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या त्या मोठ्या महोत्सवात वाजवायचं, बस, एवढंच स्वप्न. आधी व्हिडिओ पाठवायचा, आवडला तर बोलावतात. म्हणून माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं गावजेवण असतं ना, तिथं आम्ही वाजवलं, आणि ब्रिटनं काकाचा जुना कॅमेरा आणून शूट केलं. एडिटिंग माझ्याकडे. नेहमी माझ्याकडेच असतं.

रविवारी दुपारी लॅपटॉपवर घेतलं तर चित्र झकास, आवाज शून्य. नेल्सचं तोंड हलतंय, माझे हात हलतायत, आणि सगळं मुकं. म्हटलं झालं, कॅमेरा गेला. पण नाही, तो उलट जरा जास्तच शहाणा होता. घरातच थिएटरसारखा चहूबाजूंनी आवाज यावा म्हणून एकेकाळी काढले होते ना तसले कॅमेरे, त्यातला तो. डोक्यावर माईक, पुढचंही ऐकतो, मागचंही ऐकतो, आणि सहा आवाजांची एक मोट बांधून ठेवतो. माझ्या सॉफ्टवेअरला ती मोट काही सुटेना. मग फुकटातलं एक कन्व्हर्टर उतरवलं. ते विचारतं, सहाचे दोन करू, का सहाच्या सहा सुट्या फाइली देऊ? सगळे दोनच करतात. स्टीरिओ झाला, विषय संपला. पण माझा मोठा ड्रम नेहमी गिटारखाली दबतो, मला तो वेगळा उचलायचा होता. म्हणून मी सुट्या मागितल्या.

आल्या. एकेक ऐकत गेले. मधल्या फाइलीत नेल्सचा गळा. पुढच्या दोन्हींत गिटार नि ड्रम, आणखी एकीत नुसती धमधम. मागच्या दोन म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीमागचं सगळं, ताटल्या, खुर्च्या, कुणाचा तरी खोकला. त्या फेकूनच देणार होते मी. पण माझं गाणं आलं. आजोबांवर केलंय ते, ज्यात मी एकटीच गाते नि वाजवते, आणि तेवढ्यात नेल्स खाली उतरून मासे खाऊन घेतो. म्हटलं बघू तरी, लोक मागे काय म्हणतायत. मागची डावी फाइल एकटीच लावली.

माझं गाणं लांबून, विहिरीतून आल्यासारखं. आणि अगदी कानाशी नेल्स, तोंडात घास.

"हे गाणं पाठवायचं नाही. मिनियापोलिसचा तो ओवेन हो म्हणालाय, व्हॅनपण आहे त्याच्याकडे. महोत्सवात ड्रम तोच वाजवेल."

मग पलीकडून काहीतरी पुटपुट, कळेना. आणि नेल्स म्हणतो, "ते ठीक आहे, पण कायसाला सांगायचं कोणी?"

कायसा म्हणजे मी. लॅपटॉप बंद केला. गॅरेजमध्ये माझ्या ड्रमपाशी नुसतीच बसून राहिले. मग दोघांना फोन केला, व्हिडिओ बघायला या म्हटलं.

आले. नेल्सनं डोनट आणले होते, बघा आता. ब्रिट नेहमीसारखी माझ्या शेजारी, मला खेटून. सहाच्या सहा फाइली सुट्या काढल्यात एवढं सांगितलं, नि तो तुकडा लावला. नेल्सचे कान लाल. आणि म्हणतो काय, "सहाचे दोन करायचे होतेस ना, सगळे करतात तसे."

म्हणजे चूक माझी. मी कन्व्हर्ट नीट केलं नाही.

"एवढंच सुचलं तुला?"

"अगं, मी सांगणारच होतो."

"कधी? ओवेन माझ्या स्टुलावर बसल्यावर?"

"नालायक आहेस तू नेल्स," ब्रिट उसळली. "कायसा, देवाशपथ, मी तिथंच याला म्हटलं, असं नको करू. मला तर रडूच येत होतं."

आणि मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. मी तिचा हात धरला. ती पुटपुट तिचीच होती तर. ती कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला उभी, म्हणजे मागच्या उजव्या फाइलीत स्पष्ट आली असणार. ती ऐकायची मला आधी हिंमतच झाली नव्हती. म्हटलं थांब, ऐकवूच याला तू काय म्हणालीस ते.

"नको गं, आता कशाला," ब्रिट म्हणाली.

मी लावली.

"आत्ता नको सांगू." ब्रिटचा आवाज, स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा. "आधी व्हिडिओ होऊ दे. एडिटिंग काय तुला येतं, का मला? एकदा हातात आला की मी सांगते तिला. माझं ऐकते ती." आणि हसली. आणि तिच्या हसण्याखाली, लांबून, मी गातेय.

तिचा हात अजून माझ्याच हातात होता. तिनंच काढून घेतला.

नेल्स म्हणाला, "मग आता व्हिडिओचं काय?"

सहाही फाइली पेनड्राइव्हवर टाकून दिल्या त्याला. म्हटलं घ्या, तुम्हीच करा दोन.

काल ब्रिटचा मेसेज. जमत नाहीये, कसं करायचं सांग ना. आणि मी सांगितलं. हसू नका, सांगितलं मी. कुठलं बटण, कुठली फाइल किती उचलायची, मागच्या दोन काढून टाकायच्या, सगळं. आणि मोठा ड्रम वर ठेव म्हटलं, त्यात वाजवतेय ती मी आहे, तेवढं तरी नीट ऐकू येऊ दे लोकांना.

लगेच उत्तर आलं. बरं झालं सांगितलंस, ओवेनलापण तसंच वाजवायला शिकायचंय.