मागे कोण उभं आहे

धाकट्या दिरानं थांबण्याची खूण म्हणून मागच्या फाळक्यावर हात आपटला, पण उशिरा. तोवर रिकामं पिंप ट्रकच्या मागच्या बाजूखाली गेलं होतं आणि पत्रा चेपल्याचा आवाज मैदानभर झाला होता. तिनं ब्रेक दाबून धरला, इंजिन बंद केलं आणि दाराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

‘भाऊजी, हात जरा आधी आपटला असता तर झिजला असता का?’

‘मी वेळेवरच आपटला, वहिनी. तुमचा पाय सावकाश चालतो, त्याला मी काय करणार?’

सावलीत बसलेले बाकीचे शिकाऊ हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चेपलेलं पिंप लाथेनं सरळ उभं केलं.

‘पुन्हा घ्या. आणि घरची भांडणं घरी उतरवून येत जा. हा शिकवणीचा ट्रक आहे, एवढं ओझं त्याला झेपत नाही.’

अवजड वाहनाचा परवाना हवा तर आता महिनाभराचं प्रशिक्षण सक्तीचं झालं होतं. पूर्वी ओळखीपाळखीनं भागायचं, ते दिवस गेले. केंद्रावर दोघांत एक ट्रक मिळे. एकानं चालवायचा, दुसऱ्यानं मागे उभं राहून हातानं इशारे द्यायचे, मग अदलाबदल. आडनाव एक, पत्ता एक, म्हणून कारकुनानं या दोघांची जोडी लावून टाकली होती. वर म्हणाला होता, ‘नवराबायको मिळून शिकताय, छान!’

‘दीर आहेत माझे,’ ती म्हणाली होती.

‘नाइलाज आहे,’ दीर म्हणाला होता.

थोरला गेल्यापासून त्याचा ट्रक घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा होता. ती म्हणे, माझ्या नवऱ्याचा ट्रक. तो म्हणे, माझ्या भावाचा. दोघांचंही म्हणणं खरं होतं, म्हणूनच भांडण मिटण्यासारखं नव्हतं. एके दिवशी त्यानं शेडला स्वतःचं कुलूप ठोकलं. ठोकून झाल्यावर त्याला कळलं, की ट्रकची बॅटरी तिनं आदल्याच दिवशी काढून आपल्या खाटेखाली नेऊन ठेवली आहे. मग आठवडाभर ट्रक त्याच्या कुलपात आणि जीव तिच्या खाटेखाली, अशी गत होती. अखेर सासूबाईंनी कुलूप तोडायला लावलं, बॅटरी परत बसवायला लावली आणि ट्रकची किल्ली आपल्या कमरेला खोचली.

‘ज्याच्या हाती आधी परवाना, त्याच्या हाती ही किल्ली.’

‘आणि दोघांना एकदमच मिळाला तर?’ त्यानं विचारलं.

‘तर मी चालवते,’ सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून दोघं रोज सकाळी वेगवेगळ्या बसनं केंद्रावर जात आणि एकाच ट्रकवर उभे ठाकत. वर्गात तिनं बरोबर उत्तर दिलं की त्याला खोकला येई. तो चढावर गाडी उचलताना मागे घसरला, की ती शेजारणीला ऐकू जाईल असं ‘अगं बाई’ म्हणे. त्याच्या इशाऱ्यांवर ती दोनदा वाकडी गेली. तिसऱ्या दिवशी तिनं उट्टं काढलं. मागे नेमकी अशा जागी जाऊन उभी राहिली, की आरशात दिसू नये. तो केबिनमधून ओरडत राहिला, ‘वहिनी! आहात की गेलात?’ ती सावकाश म्हणाली, ‘तुम्हाला काय हवंय?’ त्या दिवशी मास्तरांनी दोघांनाही मैदान झाडायला लावलं. दोघांनी दोन टोकांपासून झाडायला सुरुवात केली आणि मध्ये गाठ पडायची वेळ आली, तसा त्यानं झाडू टाकून दिला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाहेरून आला. बारीक चणीचा, कोरडा माणूस. पहिली तिची पाळी. वळणं नीट झाली, चढावर गाडी तसूभरही मागे आली नाही. शेवटी ट्रक मागे घेत माल उतरवायच्या धक्क्याला लावायचा होता. दोन्ही बाजूंना भिंती, मागे दगडी कठडा. दीर कठड्यापाशी उभा राहिला.

आरशात त्याचा तळवा हलत होता. या, या. ती मागे येत राहिली. भिंती आरशाच्या कडेला आल्या. तळवा अजून हलतच होता. या, या. तिच्या कानात पत्रा चेपल्याचा तो आवाज घुमला आणि पाय आपसूक ब्रेकवर गेला. तिनं हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि उतरून मागे चालत गेली.

फाळका आणि कठडा यांच्यात हातभर जागा उरली होती. तो अगदी बरोबर सांगत होता. त्याचा तळवा तसाच हवेत होता.

‘काय झालं?’

‘बघते.’

‘मी सांगतोय ना.’

‘तुम्ही सांगताय, म्हणूनच.’

त्याचा हात खाली आला. ती केबिनमध्ये परत जाऊन बसेपर्यंत त्यानं तो पुन्हा वर केला, उरलेलं अंतर नीट दाखवलं आणि जिथं आपटायचा तिथंच फाळक्यावर आपटला.

मग त्याची पाळी. ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. एक इशारा क्षणभर उशिरा गेला असता, तरी किल्ली तिची होती. ट्रक मागे येऊ लागला तसा तिनं हात खांद्यापर्यंत उचलला आणि हात तिथंच थबकला. परीक्षक आपल्याकडेही बघतो आहे, हे तिला दिसलं. त्यामुळे असेल, किंवा नसेलही, पण हात हलू लागला, तो बरोबर हलला. डावीकडे. सरळ. या, या. आणि ट्रक एका दमात आला. कुठं अडखळला नाही, थांबला नाही, जणू कठड्यानं त्याला दोरी बांधून ओढून घेतलं. तिनं फाळक्यावर हात आपटला त्याच क्षणी चाकं थांबली. सावलीतल्या दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या.

परीक्षकानं दोघांना जवळ बोलावलं.

‘बाई पास. तुम्ही नापास.’

‘मी? कुठं लागला का ट्रक?’

‘लागला नाही. पण तुम्ही उतरला नाहीत. मागचं केबिनमधून सगळं दिसत नाही. इशारे द्यायला कुणी असो वा नसो, धक्क्याला लावण्याआधी उतरून आपल्या डोळ्यांनी बघायचं. हे शिकवलं नाही तुम्हाला? या बाईंनी बघितलं.’

‘शिकवलंय. लक्षातही होतं.’

‘मग?’

त्यानं दोन्ही हात पँटला पुसले. तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘मागे घरचंच माणूस उभं होतं, साहेब.’

परीक्षकानं पेनाला टोपण लावलं. ‘चाकाला ते कळत नाही. पुढच्या तुकडीत या.’

मास्तर तिच्यापाशी आले आणि म्हणाले, ‘शाब्बास. ऐन वेळी नियम आठवणं सोपं नसतं.’ नियम तिच्या ध्यानीमनीही नव्हता. तिनं नुसती मान हलवली. बायका भोवती जमल्या, कुणी पाठ थोपटली. त्यांच्या खांद्यांवरून तिला दिसलं, दीर शिकवणीच्या ट्रकच्या काचा वर करत होता, एकेक करून, जणू आज ते त्याचंच काम होतं.

घरी सासूबाईंनी किल्ली तिच्यापुढे ठेवली आणि दोघांची ताटं वाढली. तिला त्या काहीच बोलल्या नाहीत. सगळा राग लेकावर निघाला.

‘एवढं सगळं करून उतरला नाहीस? पाय दुखत होते का तुझे?’

‘घाई झाली.’

‘घाई! तुझ्या भावानं जन्मात कधी घाई केली नाही.’

तो मान खाली घालून जेवत होता. तिनं घास ताटात ठेवला.

‘आई, घाई नव्हती ती. भाऊजी...’

‘वहिनी,’ तो म्हणाला, ‘मीठ द्या जरा.’

मीठ त्याच्या ताटाशेजारीच होतं. तिनं हात लांबवून ते आणखी बोटभर त्याच्याकडे सरकवलं. त्यानं घेतलं नाही.

मग तीच म्हणाली, ‘शिकाऊ माणसाला सरावासाठी शेजारी परवानेवाला लागतो.’

‘मैदानावर मास्तर आहेत.’

‘मैदानावरचे घरी येणार नाहीत. माझा परवाना हातात आला की आपल्या ट्रकवर तुम्ही बसा. मी शेजारी बसते.’

‘काही गरज नाही.’

‘विचारलंय कुणी? पहाटे तयार राहायचं. मी हाका मारत बसणार नाही.’

‘मीही वाट बघत बसणार नाही.’

सासूबाई वाढायचा डाव हातात धरून आधी लेकाकडे, मग सुनेकडे बघत राहिल्या. या दोघांचं आज भांडण नेमकं कशावरून चाललंय, हे त्यांना पहिल्यांदाच कळेना.